प्रयोगशाळेतली वर्णव्यवस्था : हात कोणाचे आणि नाव कोणाचे?

आरक्षणाचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते. "अमेरिकेत बघा, तिथे जातपात नाही, आरक्षण नाही, फक्त मेरिट चालते. म्हणून तिथले विज्ञान पुढे गेले." २००६ साली उच्च शिक्षणातील ओबीसी आरक्षणाला विरोध करायला वैद्यकीय विद्यार्थी रस्त्यावर उतरले, तेव्हाही हाच सूर होता. त्यातल्या काहींनी निषेध म्हणून रस्ते झाडले, बूट पॉलिश केले. आरक्षण आले तर आमच्यासारख्या गुणवंतांवर ही पाळी येईल, असे त्यांना सांगायचे होते. ज्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या झाडू दिला गेला, त्यांच्यातही कोणी गुणवंत असू शकतो, ही शक्यता त्यांच्या डोक्यातच आली नाही.

म्हणून आज अमेरिकेचाच इतिहास मांडायचा आहे. ज्या विद्यापीठांची नावे घेऊन आपल्याला मेरिटचे धडे दिले जातात, त्याच विद्यापीठांतल्या वैद्यकीय संशोधनाचा हा इतिहास आहे. त्यात एक माणूस असा आहे की जो शल्यचिकित्सेचे संशोधन करत होता आणि विद्यापीठाच्या पगारपत्रकावर झाडूवाला होता.

गुणवत्ता ओळखण्यात ही विद्यापीठे कमी पडली, असे नेहमी सांगितले जाते. ते खरे नाही. त्यांनी गुणवत्ता नेमकी ओळखली, पुरेपूर वापरली, आणि वहीत नोंद करायची वेळ आली तेव्हा तिचे नाव लिहिले नाही. ओळखणे वेगळे आणि नोंदवणे वेगळे. वर्णव्यवस्था काम करते ती या दुसऱ्या ठिकाणी.

दर्जाच्या नावाने बंद झालेले दरवाजे

अमेरिकेतल्या आधुनिक वैद्यकीय शिक्षणाचा आदर्श म्हणजे बाल्टिमोरचे जॉन्स हॉपकिन्स. तिथले वैद्यकीय महाविद्यालय १८९३ साली सुरू झाले. प्रवेशाआधी पदवी हवी, शिकवणारा प्राध्यापक स्वतः संशोधक हवा, विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत आणि रुग्णाच्या खाटेजवळ शिकले पाहिजे, ही पद्धत तिथे रुजली. १९१० साली अब्राहम फ्लेक्सनर यांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी अमेरिका आणि कॅनडातील वैद्यकीय महाविद्यालयांची पाहणी करून अहवाल लिहिला. हॉपकिन्सच्या मापात जे बसत नाही ते बंद करा, असा त्याचा एकूण रोख होता. त्या काळी बरीच महाविद्यालये खरोखर निकृष्ट होती. ती बंद पडली याचे दुःख कोणाला नाही.

पण त्याच अहवालात कृष्णवर्णीयांच्या वैद्यकीय शिक्षणावर एक छोटे प्रकरण आहे. त्या वेळी कृष्णवर्णीयांसाठी सात वैद्यकीय महाविद्यालये होती. फ्लेक्सनर यांच्या मते त्यातली दोनच टिकवण्याजोगी होती, वॉशिंग्टनचे हॉवर्ड आणि नॅशव्हिलचे मेहॅरी. पुढच्या काही वर्षांत उरलेली पाच बंद पडली. कृष्णवर्णीय डॉक्टरने काय करावे हेही अहवालाने ठरवून टाकले. त्याने आपल्या लोकांना स्वच्छता आणि आरोग्य शिकवावे, कारण त्यांचे आजार शेजारच्या गोऱ्यांपर्यंत पोचू शकतात. मोठी शल्यक्रिया, प्रयोगशाळा, संशोधन ही कामे त्याच्यासाठी धरलेलीच नव्हती.

दर्जा सुधारायला पैसा लागतो. गुलामगिरीतून सुटून पन्नास वर्षेही न झालेल्या समाजाकडे तो नव्हता. दर्जाची अट सर्वांना सारखी होती, ती पूर्ण करायची साधने सारखी नव्हती. लाखोंची फी भरून कोचिंग क्लास लावणारा मुलगा आणि ऊसतोड कामगाराची मुलगी एकाच प्रवेश परीक्षेला बसतात आणि निकालाला आपण शुद्ध गुणवत्ता म्हणतो. हा खेळ आपल्याला नवा नाही.

डॉक्टरेट मिळाली, प्रयोगशाळा मिळाली नाही

१९१६ हे साल आपल्या ओळखीचे आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात बाबासाहेबांनी कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. त्याच वर्षी शिकागो विद्यापीठाने अर्नेस्ट एव्हरेट जस्ट या कृष्णवर्णीय जीवशास्त्रज्ञाला पीएच.डी. दिली.

जस्ट हे समुद्री प्राण्यांच्या अंड्यांचे, फलनाचे आणि पेशीच्या पृष्ठभागाचे अभ्यासक होते. १९०९ पासून सुमारे वीस वर्षे ते उन्हाळ्याच्या सुट्टीत मॅसॅच्युसेट्समधल्या वुड्स होलच्या सागरी प्रयोगशाळेत काम करत. अंडी कशी हाताळावीत, प्रयोग बिघडतो कुठे, हे विचारायला गोरे संशोधक त्यांच्याकडे येत. पण उन्हाळा संपला की ते गोरे संशोधक मोठ्या विद्यापीठांतल्या आपापल्या सुसज्ज प्रयोगशाळांत परतत आणि जस्ट हॉवर्डला परतत. तिथे शिकवण्याचा भार मोठा होता आणि संशोधनाची साधने तोकडी. गोऱ्यांच्या कोणत्याही संशोधन-विद्यापीठाने त्यांना प्राध्यापकाची जागा दिली नाही.

शेवटी ते युरोपात गेले. १९२९ साली नेपल्स, १९३० साली बर्लिनची कैसर विल्हेल्म संस्था. आपल्या देशात न मिळालेला सन्मान त्यांना तिथे मिळाला, आणि काही वर्षांतच तिथे नाझी आले. १९३९ साली पेशीच्या पृष्ठभागावरचे त्यांचे महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. १९४० साली फ्रान्समध्ये नाझींनी त्यांना काही काळ स्थानबद्ध केले. सुटून ते अमेरिकेला परतले आणि १९४१ साली कर्करोगाने गेले.

कोलंबियात शिकून आलेले बाबासाहेब १९१७ साली बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा शिपाई त्यांच्या टेबलावर फायली लांबून टाकत आणि शहरात त्यांना राहायला जागा मिळत नव्हती. पदवीने माणसाची योग्यता सिद्ध होते. पण ज्याला ती योग्यता मान्यच करायची नाही, त्याच्यापुढे पदवीचा कागद काय करणार?

व्हिव्हियन थॉमस : पगारपत्रकावरचा झाडूवाला

जस्ट यांच्याकडे निदान पदवी होती. व्हिव्हियन थॉमस यांना ती मिळवूच दिली गेली नाही.

थॉमस यांचा जन्म १९१० चा. नॅशव्हिलमध्ये वाढले, वडिलांकडून सुतारकाम शिकले. डॉक्टर व्हायचे ठरवले होते आणि त्यासाठी सुतारकाम करून पैसे साठवत होते. १९२९ ची महामंदी आली. काम गेले, पुढे बँक बुडाली, तिच्यात साठवलेले शिक्षणाचे पैसेही बुडाले. १९३० च्या फेब्रुवारीत त्यांनी नॅशव्हिलच्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठात आल्फ्रेड ब्लेलॉक या तरुण सर्जनच्या प्रयोगशाळेत नोकरी धरली. पगार आठवड्याला १२ डॉलर. सुतारकामात त्याहून जास्त मिळत.

थोडे थांबून विचार करा. बाबासाहेबांना सयाजीराव गायकवाडांची शिष्यवृत्ती मिळाली म्हणून ते कोलंबियात पोचले. थॉमस यांच्या मागे अशी कोणतीही शिष्यवृत्ती नव्हती, होती ती आपल्या घामाची बचत. ती बुडाली आणि त्यांच्यासाठी वैद्यकीय शिक्षणाचा रस्ता कायमचा बंद झाला. शिष्यवृत्तीला 'फुकटचे पैसे' म्हणणाऱ्यांनी या दोन आयुष्यांची तुलना एकदा जरूर करावी.

प्रयोगशाळेत थॉमस यांनी काही महिन्यांतच शल्यक्रिया, रासायनिक तपासण्या, नोंदी ठेवणे सगळे आत्मसात केले. तेव्हा मोठा प्रश्न होता आघाताचा, म्हणजे 'शॉक'चा. गंभीर जखम झालेला माणूस कोसळतो, रक्तदाब उतरतो आणि तो मरतो. शरीरात काही विष तयार होते म्हणून असे घडते, असे अनेकांना वाटे. ब्लेलॉक आणि थॉमस यांच्या प्राण्यांवरील प्रयोगांनी दाखवले की मुख्य कारण रक्त आणि द्रव कमी होणे हे आहे, आणि ते भरून काढले तर माणूस वाचू शकतो. दुसऱ्या महायुद्धात असंख्य जखमी सैनिकांचे प्राण या ज्ञानाने वाचले.

हे संशोधन चालू असताना थॉमस यांच्या लक्षात आले की पगारपत्रकावर त्यांचा हुद्दा झाडूवाल्याचा आहे. तेच काम करणारे गोरे सहायक तंत्रज्ञ म्हणून नोंदलेले होते. थॉमस यांनी ब्लेलॉक यांना हे सांगितले. काही दिवसांनी पगार वाढला. हुद्दा बदलला की नुसता पगार वाढला, हे त्यांना कोणी सांगितले नाही.

१९४१ साली ब्लेलॉक हॉपकिन्सला शल्यविभागाचे प्रमुख म्हणून गेले आणि थॉमस यांना सोबत नेले. एवढ्या मोठ्या माणसाला नव्या जागी आपला सहायक सोबत लागतो, यातच थॉमस यांची किंमत कळते. हॉपकिन्समध्ये तेव्हा कृष्णवर्णीय कामगार होते ते साफसफाईचे. पांढरा कोट घालून आवारातून चालणारा कृष्णवर्णीय माणूस दिसला की लोक वळून बघत.

१९४३ साली बालहृदयरोगतज्ज्ञ हेलन टॉसिग ब्लेलॉक यांच्याकडे एक प्रश्न घेऊन आल्या. 'टेट्रालॉजी ऑफ फॅलो' नावाच्या जन्मजात हृदयदोषात फुप्फुसाकडे पुरेसे रक्त जात नाही. बाळाचे ओठ, नखे निळी पडतात. अशी 'निळी बाळे' टॉसिग यांच्या डोळ्यांसमोर मरत होती. फुप्फुसाकडे जास्त रक्त जाईल अशी नवी वाट काढता येईल का, असा त्यांचा प्रश्न होता. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडायची, हा उपाय पुढे आला. पण तो करायचा कसा, बाळ वाचेल कसे, हे शोधायचे काम थॉमस यांच्याकडे आले. सुमारे दोनशे कुत्र्यांवर त्यांनी आधी हा दोष निर्माण करण्याचा आणि मग ती जोडणी करण्याचा अभ्यास केला. हृदयशस्त्रक्रियेची हत्यारे तेव्हा नव्हतीच. प्राण्यांच्या प्रयोगशाळेतल्या सुया आणि चिमटे घेऊन थॉमस यांनी ते बाळाच्या धमनीला चालतील असे करून घेतले.

२९ नोव्हेंबर १९४४ रोजी आयलीन सॅक्सन या चिमुकलीवर पहिली शस्त्रक्रिया झाली. चाकू ब्लेलॉक यांच्या हातात होता. त्यांनी ही जोडणी याआधी एकदाच केली होती, तीही कुत्र्यावर आणि थॉमस यांचे मदतनीस म्हणून. म्हणून त्यांनी थॉमस यांना बोलावून घेतले. थॉमस ब्लेलॉक यांच्या खांद्यामागे एका स्टुलावर उभे राहिले आणि टाका कुठे, कोणत्या दिशेने घ्यायचा हे सांगत राहिले. ती मुलगी पुढे काही महिन्यांनी दगावली, पण शस्त्रक्रिया शक्य आहे हे सिद्ध झाले. त्यानंतर हजारो मुले वाचली. आधुनिक हृदयशस्त्रक्रियेचे दार तिथे उघडले.

१९४५ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात शोधनिबंध आला. लेखक दोन, ब्लेलॉक आणि टॉसिग. थॉमस यांचा उल्लेखही नाही. शस्त्रक्रियेचे नाव पडले 'ब्लेलॉक-टॉसिग'. पुढे १९४० च्या दशकातच दुसऱ्या एका हृदयदोषावर थॉमस यांनी प्रयोगशाळेत जी शस्त्रक्रिया साध्य केली, तिचे नाव पडले 'ब्लेलॉक-हॅनलॉन'. तिथेही थॉमस नाहीत.

ब्लेलॉक हा काही क्रूर माणूस नव्हता. त्यांनी थॉमस यांच्या पगारासाठी भांडण केले आणि १९४६ पर्यंत थॉमस हॉपकिन्समधले सर्वाधिक पगाराचे सहायक झाले. पण तेच थॉमस पैशांची ओढाताण म्हणून ब्लेलॉक यांच्या घरच्या पार्ट्यांत मद्य वाढण्याचे काम करत. ज्या तरुण सर्जनांना ते सकाळी प्रयोगशाळेत टाके घालायला शिकवत, त्यांचेच पेले ते संध्याकाळी भरत. एक 'चांगला साहेब' भेटला म्हणून व्यवस्था चांगली होत नाही. चांगला साहेब पगार वाढवू शकतो. नाव नोंदवण्याचा हक्क साहेबाच्या मर्जीवर असेल, तर तो हक्क नसतोच.

थॉमस यांनी पदवीसाठी पुन्हा प्रयत्न केला. १९४७ साली बाल्टिमोरच्या मॉर्गन कॉलेजात त्यांनी प्रवेशाची चौकशी केली. तिथे आधीच्या कामाचे कोणतेही श्रेय धरले जाणार नव्हते. जो माणूस देशातल्या निवडक सर्जनांना शिकवत होता, त्याने पहिल्या वर्षापासून सुरुवात करायची, आणि डॉक्टर होईपर्यंत पन्नाशी गाठायची. त्यांनी तो नाद सोडला.

१९७६ साली हॉपकिन्सने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. ती वैद्यकशास्त्राची नव्हती, कायद्याची होती. त्यांना शल्यविभागात अध्यापक म्हणून नेमले. तोवर नोकरीला पस्तीस वर्षे झाली होती. १९८५ साली ते गेले. त्यांचे आत्मचरित्र त्यानंतर लगेचच प्रसिद्ध झाले. २००४ साली त्यांच्यावर चित्रपट आला तेव्हा जगाला त्यांचे नाव कळले. अलीकडे डॉक्टर मंडळी त्या शस्त्रक्रियेला 'ब्लेलॉक-थॉमस-टॉसिग' म्हणू लागली आहेत. नाव जोडल्याने शस्त्रक्रियेत काही बदलले नाही. नोंद दुरुस्त व्हायला पाऊणशे वर्षे लागली.

रक्ताचीही जात

थॉमस यांच्या संशोधनाने सांगितले की जखमी माणसाला द्रव भरून द्या. हा द्रव आणायचा कुठून, साठवायचा कसा, याचे उत्तर दुसऱ्या एका कृष्णवर्णीय संशोधकाने दिले.

चार्ल्स ड्रू हे कॅनडातल्या मॅगिल विद्यापीठाचे वैद्यकीय पदवीधर. १९३८ साली रॉकफेलर शिष्यवृत्ती घेऊन ते कोलंबिया विद्यापीठात आले. तिथे त्यांना गोऱ्या रुग्णांपासून दूर ठेवण्यासाठी प्रयोगशाळेतल्या कामाकडे वळवण्यात आले. त्या कामाचे त्यांनी सोने केले. रक्त आणि रक्तद्रव साठवण्याच्या पद्धतींवर त्यांनी प्रबंध लिहिला आणि १९४० साली कोलंबियाची वैद्यकातील 'डॉक्टर ऑफ सायन्स' ही पदवी मिळवली. ती मिळवणारे ते पहिले कृष्णवर्णीय. त्याच वर्षी ब्रिटनला रक्तद्रव पाठवण्याच्या मोहिमेची धुरा त्यांच्यावर आली. १९४१ साली अमेरिकन रेड क्रॉसच्या रक्तपेढीचा पाया त्यांनी घातला.

आणि मग सैन्यासाठी रक्त गोळा करताना कृष्णवर्णीयांचे रक्त घ्यायचेच नाही, असे धोरण ठरले. टीका झाल्यावर १९४२ च्या जानेवारीत ते घ्यायचे ठरले, पण वेगळे ठेवून. रक्ताच्या बाटलीवर वंशाची चिठ्ठी! रक्तपेढी उभी करणाऱ्या माणसाचे रक्तही त्या नियमाने वेगळ्या बाटलीत गेले असते. याला कोणताही वैज्ञानिक आधार नाही, हे ड्रू जाहीरपणे सांगत राहिले. रेड क्रॉसने हा नियम १९५० साली सोडला. माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटते म्हणणाऱ्या देशात राहणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. महाडच्या तळ्यावर जो विचार पहारा देत होता, तोच तिथे पांढरा कोट घालून उभा होता.

ड्रू १९५० सालीच मोटार अपघातात गेले. कृष्णवर्णीय म्हणून इस्पितळाने त्यांना दारातून परत पाठवले, अशी कथा अजूनही सांगितली जाते. ती खरी नाही. तिथल्या गोऱ्या डॉक्टरांनी त्यांना वाचवण्याचा प्रयत्न केला होता. आपल्या बाजूची म्हणून खोटी कथा आपण पुढे ढकलू नये. खरा इतिहास पुरेसा भक्कम आहे. इतक्या मोठ्या सर्जनला, वर्णामुळे, अमेरिकन मेडिकल असोसिएशनचे सदस्यत्व कधी मिळाले नाही. १९४७ साली त्यांनी याबद्दल त्या संघटनेला लेखी जाब विचारला. संघटनेने कृष्णवर्णीय डॉक्टरांची माफी मागितली २००८ साली.

हात झाले, रक्त झाले. शरीर राहिले. १९५१ साली हॉपकिन्सच्याच आवारात, कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या वॉर्डात, हेन्रिएटा लॅक्स ही पाच मुलांची आई कर्करोगावर उपचार घेत होती. तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता प्रयोगशाळेत गेल्या आणि तिथे त्या वाढतच राहिल्या. 'हेला' नावाच्या याच पेशी पुढे जगभरच्या प्रयोगशाळांत गेल्या. त्यांच्या जोरावर पोलिओ लसीच्या चाचण्या झाल्या, असंख्य प्रबंध लिहिले गेले, कंपन्यांनी पैसा केला. लॅक्स त्याच वर्षी ३१ व्या वर्षी वारल्या. कुटुंबाला हे कळायला वीसेक वर्षे लागली, आणि एका कंपनीने कुटुंबाशी तडजोड केली ती २०२३ साली. तिच्या पेशी आवारात वाढत होत्या, थॉमस त्याच आवारात सर्जनांना शिकवत होते, आणि त्या महाविद्यालयात एकही कृष्णवर्णीय विद्यार्थी नव्हता.

कायदा बदलला, पुढे काय?

हॉपकिन्सने पहिले कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी १९६३ साली घेतले. ज्या व्हँडरबिल्टने थॉमस यांना झाडूवाला म्हणून नोंदवले, तिथे पहिला कृष्णवर्णीय वैद्यकीय विद्यार्थी १९६६ साली आला. त्याचे नाव लेव्ही वॉटकिन्स. हाच वॉटकिन्स पुढे हॉपकिन्समध्ये हृदयशल्यविभागाचा मुख्य निवासी डॉक्टर झाला, आणि १९८० साली हृदयाची लय सावरणारे स्वयंचलित यंत्र माणसाच्या शरीरात बसवण्याची जगातली पहिली शस्त्रक्रिया त्याने केली. दरवाजा उघडल्यावर एका पिढीत हे घडले. मग आधीच्या सत्तर वर्षांत असे किती वॉटकिन्स दाराबाहेरच राहिले असतील?

पण दरवाजा उघडला म्हणजे आतले वाटप समान झाले असे नाही. अमेरिकेत विद्यापीठातल्या वैद्यकीय संशोधकाचे भवितव्य राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या, म्हणजे एनआयएचच्या अनुदानावर ठरते. अनुदान मिळाले तर प्रयोगशाळा चालते, पीएच.डी.चे विद्यार्थी ठेवता येतात, नोकरी पक्की होते. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास आला. एनआयएचनेच तो करवून घेतला होता. शिक्षण, प्रशिक्षण, आधीचे शोधनिबंध, आधीची अनुदाने, विद्यापीठाचा दर्जा हे सगळे सारखे धरले, तरी कृष्णवर्णीय संशोधकाला अनुदान मिळण्याची शक्यता गोऱ्यापेक्षा १० टक्के-अंकांनी कमी निघाली. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात या तफावतीचा पाचवा हिस्सा विषयाच्या निवडीतून येतो असे दिसले. कृष्णवर्णीय संशोधक लोकांच्या आरोग्यावर, आरोग्यातल्या विषमतेवर जास्त अर्ज करत, आणि त्याच विषयांना अनुदान कमी मिळे. म्हणजे आपल्या माणसांच्या दुखण्यावर संशोधन करायला निघालात, तर तो विषयच हलका ठरतो.

आणि २०२३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशात वंशाचा विचार करणे घटनाबाह्य ठरवले. मेरिटवाले इथे खूश झाले. त्यांना व्हिव्हियन थॉमस माहीत नाहीत.

आपल्या घरातले आरसे

वंश आणि जात एकच आहेत असे मी म्हणत नाही. जातीला कातडीचा रंग लागत नाही, आडनाव पुरते. शिवाय तिच्यामागे धर्माची मंजुरी आहे. पण दोन्ही लढ्यांचे नाते बाबासाहेबांनी स्वतः ओळखले होते. १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीय नेते डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस यांना पत्र लिहिले आणि कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

आपल्याकडे १८३६ साली कोलकात्याच्या मेडिकल कॉलेजात मधुसूदन गुप्त या वरच्या जातीच्या वैद्याने मृतदेहाचे विच्छेदन केले. त्याचा गौरव आजही होतो. पण मृतदेहाला हात लावणारे लोक या देशात त्याआधी नव्हते काय? डोम होते, महार होते. त्यांचा स्पर्श हा विटाळ ठरला आणि गुप्तांचा स्पर्श हा इतिहास ठरला. आजही अनेक सरकारी रुग्णालयांच्या शवागारात प्रत्यक्ष चिरफाड करतो तो सफाई कामगार. कवटी तो उघडतो, अवयव तो काढतो, पुन्हा शिवतो तोच. डॉक्टर पाहतो आणि अहवालावर सही करतो. हा कामगार कोणत्या समाजातून येतो, हे सांगायला हवे का? त्याच्या पगारपत्रकावर काय लिहिलेले असते, तेही आपल्याला माहीत आहे.

वरच्या मजल्यावर काय चालते? थोरात समितीने २००७ साली दिल्लीच्या एम्सविषयीचा अहवाल दिला. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना शिक्षकांकडून मिळणारी वागणूक, तोंडी आणि प्रात्यक्षिक परीक्षेतला भेदभाव, वसतिगृहात वेगळे पडणे, हे सगळे त्यात आहे. १२ वर्षांनी, २२ मे २०१९ रोजी, मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी या आदिवासी डॉक्टरने जीव दिला. वरिष्ठांकडून जातीवरून छळ झाल्याचा आरोप कुटुंबाने केला. २०२२ साली संसदेच्या अनुसूचित जाती-जमाती कल्याण समितीने एम्समधल्या रिक्त राहणाऱ्या आरक्षित अध्यापकपदांवर बोट ठेवले. 'नॉट फाउंड सुटेबल', योग्य उमेदवार आढळला नाही, हा शेरा आपल्या प्रत्येक विद्यापीठात ओळखीचा आहे. जो माणूस हंगामी म्हणून वर्षानुवर्षे चालतो, तो कायम नेमणुकीच्या दिवशी एकाएकी अयोग्य कसा होतो? थॉमस यांचे हात चालत होते आणि नाव चालत नव्हते, तोच हा हिशेब.

एक फरक मात्र मान्य करायला हवा. अमेरिकेच्या संस्थेने स्वतःची आकडेवारी स्वतः तपासून जगापुढे ठेवली. आपल्या संस्था मोजायलाच तयार नाहीत. माहिती अधिकारात अर्ज करा किंवा संसदेत प्रश्न विचारा, तेव्हा कुठे आकडा बाहेर येतो.

मागणी काय करायची?

वैद्यकीय आणि जीवशास्त्रीय संशोधन करणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाने पीएच.डी.साठी किती अर्ज आले, किती जणांना मुलाखतीला बोलावले, किती निवडले, कोणाला कोणता मार्गदर्शक मिळाला, हे दरवर्षी प्रवर्गानुसार जाहीर करावे. मुलाखतीचे गुण लेखी गुणांच्या शेजारी छापावेत. २०१६ च्या यूजीसी नियमांनी लेखी परीक्षा पात्रतेपुरती ठेवून निवड मुलाखतीवर सोपवली होती. विरोध झाला म्हणून २०१८ साली ७० गुण लेखीला आले. हे आंदोलनाने मिळाले, कोणाच्या कृपेने नाही.

'योग्य उमेदवार नाही' हा शेरा मारणाऱ्या निवड समितीने प्रत्येक उमेदवारामागे लेखी कारण द्यावे. शोधनिबंधावर कोणाचे नाव का आले आणि का आले नाही, याची नोंद प्रयोगशाळेने ठेवावी, आणि त्यात तंत्रज्ञ व सहायक धरले जावेत. फेलोशिप दर महिन्याला खात्यात जमा व्हावी. बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानात बसलेले आपले संशोधक विद्यार्थी भीक मागत नव्हते. फेलोशिप थांबली की पहिल्यांदा प्रयोग थांबतो, मग खोलीचे भाडे थकते, मग विद्यार्थी गावी परततो. त्याचा प्रबंध अपुरा राहतो आणि वहीत नोंद होते, 'गुणवत्ता कमी पडली.'

आणि एक काम आपले स्वतःचे आहे. पुढच्या वेळी कोणी मेरिट म्हणाले, तर वाद घालत बसू नका. एवढेच विचारा की ज्या माणसाने हृदयशस्त्रक्रियेची वाट शोधली, त्याचा विद्यापीठातला हुद्दा काय होता? उत्तर त्यांना द्यायला लावा.

जय भीम!